जेफरसनच्या वंशावळीत पुराव्याचं माप एकच हवं

मे २००२ मध्ये मॉन्टिचेलो असोसिएशनच्या वार्षिक सभेत एक मतदान झालं. ही संस्था अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या वंशजांची. १९१३ साली स्थापन झालेली, आणि मॉन्टिचेलो या जेफरसनच्या व्हर्जिनियातल्या घराच्या डोंगरउतारावरची घराण्याची दफनभूमी तिच्याच मालकीची. प्रश्न असा होता की जेफरसनच्या घरच्या सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांच्या वंशजांना सभासद करून घ्यायचं का. ६ जण हो म्हणाले, ७४ जण नाही म्हणाले. नकारासाठी पुढे केलेलं मुख्य कारण होतं, त्या मुलांचा बाप जेफरसन होता याचा पुरावा पुरेसा नाही.

माझ्या मते पुरावा पुरेसा आहे. इतकंच नव्हे, जेफरसनच्या स्वतःच्या पूर्वजांच्या काही कड्यांना जितका आधार आहे त्यापेक्षा तो भक्कम आहे. अडचण पुराव्यात नाही, मापात आहे. आई गोरी आणि लग्नाची असली की एक माप, आई गुलाम असली की दुसरं. वंशावळ लिहिणाऱ्याला असं करता येत नाही.

आधी घराण्याची मांडणी पाहू. जेफरसनने १ जानेवारी १७७२ रोजी मार्था वेल्स स्केल्टनशी लग्न केलं. सहा मुलं झाली. मुलगा एकच, १७७७ साली, तो नाव ठेवण्याआधीच गेला. वयात आल्या त्या दोन मुली. थोरली मार्था थॉमस मान रँडॉल्फच्या घरात गेली, तिला १२ मुलं झाली आणि त्यातली ११ मोठी झाली. धाकटी मराया १८०४ साली २५ व्या वर्षी वारली, तिचा फ्रान्सिस एप्स हा एकच मुलगा पुढे वाढला. असोसिएशनचे झाडून सगळे सभासद या दोन मुलींचे वंशज आहेत. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तान्तांच्या रिवाजाने, म्हणजे बापाकडून मुलाकडे, मोजायचं झालं तर जेफरसनच्या लग्नाचा वंश त्याच्यापाशीच संपला असं लिहावं लागेल. मुलींकडून वंश चालतो हे असोसिएशनने सुरुवातीपासून मानलं, आणि ते योग्यच केलं. पण पुरुषांच्या साखळीने आजपर्यंत आलेली शाखा शोधायला निघालं तर हाती लागते ती सॅलीचा धाकटा मुलगा ईस्टन याची.

आता वरच्या पिढ्या. जेफरसनने १८२१ साली, ७७ व्या वर्षी, आत्मवृत्त लिहायला घेतलं. त्यात तो सांगतो की वडिलांच्या घराण्यात अशी समजूत होती की मूळपुरुष ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातून, स्नोडन पर्वताजवळून आला (मार्थाच्या माहेरचं वेल्स हे आडनाव वेगळं). आधार काय, तर वेल्समधल्या एका खटल्यात जेफरसन नावाचा पक्षकार त्याला कायद्याच्या अहवालात दिसला होता आणि व्हर्जिनिया कंपनीच्या एका सचिवाचं नावही तेच होतं. बस, एवढंच. आईच्या रँडॉल्फ घराण्याची वंशावळ इंग्लंड-स्कॉटलंडात फार मागे जाते असं सांगून, त्यावर ज्याने त्याने हवा तेवढा विश्वास ठेवावा, असंही त्याने जोडलं. त्याआधी १७७१ साली त्याने लंडनला जाणाऱ्या एका परिचिताला घराण्याचं मानचिन्ह शोधायला सांगितलं होतं. जे चिन्ह आपलं म्हणून सांगतात ते कशाच्या आधारावर ते मला ठाऊक नाही, अशी कबुलीही त्या पत्रात आहे.

कागदावर खात्रीने उभा राहणारा पहिला जेफरसन म्हणजे व्हर्जिनियातल्या हेन्रायको काउंटीतला (जिल्ह्यातला) पणजोबा थॉमस, मृत्यू १६९७. त्याचा मुलगा थॉमस (१६७७ ते १७३१), त्याचा मुलगा पीटर (१७०८ ते १७५७), हा भूमापक. पीटरचा मुलगा आपला थॉमस. पणजोबाच्या मागे दोनशे वर्षं शोधूनही वेल्सची कडी जुळलेली नाही. तरी 'स्नोडनजवळचे जेफरसन' हे वाक्य चरित्रांतून आणि वंशवृक्षांतून बिनदिक्कत उतरवलं जातं. फार तर 'घराण्यातल्या परंपरेनुसार' एवढं जोडलं जातं. त्याबद्दल कुणी मतदान घेत नाही.

या पिढ्यांत गफलती कुठे होतात तेही सांगायला हवं, कारण पुराव्याची सवय तिथेच लागते. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या नोंदी '१६९७/८' अशा जोडवर्षाने लिहिलेल्या सापडतात. ती तिरपी रेघ गाळून एकच आकडा उचलला की माणूस मेल्यावर मृत्युपत्र करतो, किंवा मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं. त्यात ११ दिवसांचा फरक वेगळा. जेफरसनचा जन्म जुन्या गणनेने २ एप्रिल १७४३ आणि नव्या गणनेने १३ एप्रिल, काही वंशवृक्षांत हे दोन वेगळे थॉमस होऊन बसतात. 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच असं नाही, एकाच गावातल्या एकाच नावाच्या दोघांतला धाकटाही असू शकतो. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ नाही, कायद्याच्या भाषेत २१ वर्षांखालची कुणीही व्यक्ती. आणि १ फेब्रुवारी १७७० रोजी घराण्याचं शॅडवेल इथलं घर जळालं तेव्हा जेफरसनचे जवळपास सगळे कागद गेले. त्यामुळे त्याआधीच्या घराण्याबद्दल काउंटीचे दस्तऐवज आणि जमिनीची खरेदीखतं यांवरच विसंबावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जेफरसन नोंदी ठेवणारा माणूस. लग्नाच्या मुलांचे जन्म-मृत्यू त्याने घरच्या प्रार्थनापुस्तकात लिहिले. गुलामांचे जन्म त्याने शेतीच्या वहीत लिहिले, जिथे पुढच्या पानांवर कुणाला किती वार कापड, किती ब्लँकेटं, किती मासे दिले याचा हिशेब आहे. ही शेतवही १७७४ पासूनची आहे आणि मूळ प्रत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. तिच्यात सॅलीच्या नावाखाली हॅरिएट (१७९५), बेव्हर्ली (१७९८), पुन्हा हॅरिएट (१८०१), मॅडिसन (१८०५) आणि ईस्टन (१८०८) यांच्या नोंदी आहेत. आणखी एक मुलगी १७९९ साली जन्मून तान्हेपणीच गेली.

दोन्ही नोंदींत एकच खोड दिसते. जेफरसन आणि मार्था यांची लूसी एलिझाबेथ १७८० साली जन्मली आणि १७८१ साली गेली, पुढे १७८२ साली झालेल्या मुलीचंही नाव लूसी एलिझाबेथ ठेवलं, आणि तीही १७८४ साली डांग्या खोकल्याने गेली. सॅलीची पहिली हॅरिएट १७९७ साली गेली, १८०१ च्या मुलीला तेच नाव दिलं. मृत मुलाचं नाव पुढच्याला देणं त्या काळी सर्रास चालायचं. घाईने वंशवृक्ष भरणारे दोन लूसींची एक करतात आणि दोन हॅरिएटची एक करतात. फरक एवढाच की लूसीची चूक कुणीतरी आठवड्याभरात दुरुस्त करतं, हॅरिएटची वर्षानुवर्षं तशीच राहते.

नोंद करणारा हात एकच, अचूकपणा तोच. प्रार्थनापुस्तकातली नोंद प्रत्यक्ष पुरावा धरायची आणि शेतवहीतली नोंद मालमत्तेचा तपशील म्हणून बाजूला टाकायची, याला पद्धत म्हणता येणार नाही. शेतवही बापाचं नाव सांगत नाही हे खरं. पण बाप ठरवण्यासाठी जी सामग्री लागते तिचा निम्मा भाग, म्हणजे आईचं नाव आणि जन्माचा काळ, तीच देते.

उरलेला निम्मा भाग असा मिळतो. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सरासरी २६७ दिवस धरतात, दोन्ही बाजूंना दोनेक आठवडे सोडून. ईस्टनचा जन्म २१ मे १८०८. २६७ दिवस मागे गेलं की २८ ऑगस्ट १८०७ येतो. (१८०८ लीप वर्ष होतं, हा एक दिवस हिशेबात धरायला अनेकजण विसरतात.) मॅडिसनचा जन्म १९ जानेवारी १८०५, मागे गेलं की २७ एप्रिल १८०४. आता जेफरसन त्या दिवशी कुठे होता ते पाहायचं. पत्रांवरच्या तारखा आणि गावं, आणि रोजच्या खर्चाच्या टिपणवह्या यांवरून त्याचा मुक्काम जवळपास दिवसागणिक लावता येतो. १८०७ चा ऑगस्ट-सप्टेंबर तो मॉन्टिचेलोत होता. १८०४ च्या एप्रिलमध्येही होता, त्याच महिन्यात १७ तारखेला मराया तिथेच वारली. तो उपराष्ट्राध्यक्ष, मग राष्ट्राध्यक्ष, बराच काळ फिलाडेल्फियात आणि वॉशिंग्टनमध्ये असायचा. तरी सॅलीच्या प्रत्येक ज्ञात गर्भधारणेच्या वेळी तो घरी होता, आणि तो नसताना एकदाही गर्भ राहिलेला नाही. पुरातत्त्वज्ञ फ्रेझर नीमन यांनी २००० साली याचं संभाव्यताशास्त्रीय गणित मांडलं, त्यात निव्वळ योगायोगाची शक्यता सुमारे १ टक्का निघाली. या आकड्याला मर्यादा आहे: जेफरसन घरी आला की पाहुणेही यायचे, त्यामुळे त्याच्याच मागेपुढे येणारा दुसरा माणूस या गणिताने बाद होत नाही. तो दुसऱ्या पुराव्याने बाद करावा लागतो.

तो पुरावा आहे. १३ मार्च १८७३ रोजी ओहायोमधल्या 'पाइक काउंटी रिपब्लिकन' या वृत्तपत्रात मॅडिसन हेमिंग्जचं निवेदन छापून आलं. आपले वडील थॉमस जेफरसन, आजी एलिझाबेथ हेमिंग्ज, आणि आईचे वडील जॉन वेल्स, म्हणजे जेफरसनचे सासरे, असं तो सांगतो. जेफरसन राजदूत म्हणून पॅरिसमध्ये असताना तिथे आई गर्भवती राहिली, फ्रान्समध्ये ती मोकळी होऊ शकत होती, मुलांना २१ व्या वर्षी मोकळं करीन असं वचन घेऊनच ती परत आली, हेही त्यात आहे. टीकाकार म्हणाले, ही तर साठी उलटलेल्या माणसाची ऐकीव गोष्ट. ठीक आहे, ऐकीव आहे, कुणालाच आपला बाप ऐकीवाशिवाय ठाऊक नसतो. प्रश्न असा विचारायचा असतो की त्यातल्या तपासता येणाऱ्या गोष्टी स्वतंत्र कागदांशी जुळतात का. जुळतात. १८२२ साली बेव्हर्ली आणि हॅरिएट निघून गेले, शेतवहीत त्यांच्या नावापुढे पळाल्याची खूण आहे, पण कुणी पाठलाग केला नाही. उलट हॅरिएटला ५० डॉलर आणि घोडागाडीचं भाडं देऊन आपण रवाना केलं, असं मुकादम एडमंड बेकनने पुढे सांगितलं. १८२६ च्या मृत्युपत्रात मॅडिसन आणि ईस्टन यांना २१ व्या वर्षी मोकळं करण्याचं कलम आहे, आणि राज्यात राहू द्यावं अशी विधिमंडळाला विनंतीही आहे, कारण १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या माणसाला १२ महिन्यांत व्हर्जिनिया सोडावं लागे. मॉन्टिचेलोतल्या दुसऱ्या कुठल्याही गुलाम आईची सगळी मुलं अशी मोकळी झाली नाहीत. जेफरसनवर मरताना एक लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज होतं, आणि जानेवारी १८२७ च्या लिलावात १३० माणसं विक्रीला काढली गेली.

१८७० च्या जनगणनेत ओहायोच्या रॉस काउंटीत मॅडिसनच्या नावापुढे गणना करणाऱ्याने लिहून ठेवलं आहे: हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे. वृत्तपत्रातल्या निवेदनाच्या तीन वर्षं आधी.

आता विरुद्ध बाजू. जेफरसनच्या नातवंडांनी सांगितलं की बाप जेफरसनचा एक भाचा होता. नात एलेनने १८५८ सालच्या पत्रात सॅम्युएल कारचं नाव घेतलं, तिच्या सख्ख्या भावाने पीटर कारचं. म्हणजे एकाच घरातले दोन साक्षीदार एकाच प्रश्नाला दोन वेगळी नावं सांगतात. वर नातवाचं म्हणणं असं की जेफरसन तेव्हा महिनोन् महिने तिथे नव्हताच. त्याचं हे विधान त्याच्याच आजोबांच्या वह्या खोडून काढतात. तरी जवळपास सव्वाशे वर्षं चरित्रकारांनी ही साक्ष वजनदार मानली आणि मॅडिसनची हलकी. कायद्याच्या प्राध्यापक अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ साली नेमकं हेच दाखवलं: दोन्ही बाजूंच्या साक्षी शेजारीशेजारी ठेवून त्यांना तेच प्रश्न विचारले, आणि कुठली साक्ष टिकते ते वाचकासमोर ठेवलं. त्यांचं काम डीएनए चाचणीच्या आधीचं आहे हे मुद्दाम लक्षात घ्यावं. कागदांवरचा निष्कर्ष चाचणीआधीच उभा होता.

चाचणी ५ नोव्हेंबर १९९८ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. थॉमसला लग्नाचा जगलेला मुलगा नाही, म्हणून डॉ. यूजीन फॉस्टर यांनी त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या पुरुष-साखळीतल्या पाच जणांचे नमुने घेतले. चौघांचे सगळे खुणांक (गुणसूत्रावर तुलनेसाठी मोजायच्या जागा) एकसारखे आले, पाचव्याचा एका जागी एका घराने फरक होता, तो उत्परिवर्तनाचा. ईस्टनच्या पुरुष-साखळीतल्या वंशजाचा नमुना या संचाशी पूर्ण जुळला. कार घराण्यातल्या तिघांचा जुळला नाही. म्हणजे भाच्यांची गोष्ट ईस्टनपुरती तरी संपली.

या चाचणीबद्दल दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. 'नेचर'ने वर दिलेला मथळा निष्कर्षापेक्षा पुढे गेला होता. वाय गुणसूत्र माणूस ओळखत नाही, साखळी ओळखतं. थॉमसचा धाकटा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे यांचंही गुणसूत्र तेच. १२ ऑगस्ट १८०७ रोजी जेफरसनने रँडॉल्फला मॉन्टिचेलोला बोलावणारं पत्र लिहिलं, आणि ईस्टनच्या गर्भधारणेची वेळ तीच, यावर या वादाची छाननी करणाऱ्या २००१ सालच्या तेरा अभ्यासकांच्या समितीतल्या बहुमताने बराच भर दिला. पण रँडॉल्फ आला होता याची नोंद नाही. उरलेल्या पाच गर्भधारणांच्या वेळी तो तिथे असल्याचा आधार नाही. आणि १९९८ पूर्वी, जवळपास दोनशे वर्षांच्या वादात, त्याचं नाव बाप म्हणून कुणीच पुढे केलं नव्हतं, ना शत्रूने ना नातवंडांनी. ज्या क्षणी चाचणीने भाच्यांना बाद केलं त्या क्षणी भाऊ पुढे आला. जेफरसनच्या एखाद्या गोऱ्या नातवाच्या बापाबद्दल कुणी असा पर्याय सुचवला असता तर कुठल्याही वंशतज्ज्ञाने तो आधारहीन म्हणून सोडून दिला असता.

मॅडिसनच्या शाखेची अशी चाचणी झालेली नाही. त्याची सलग पुरुष-साखळी आज मिळत नाही. त्याचा मुलगा विल्यम कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या लष्करी दफनभूमीत आहे, पण कबर उघडायला कुटुंबाने नकार दिला. नकार देण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यातून विरोधी निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. मॅडिसन आणि ईस्टन सख्खे भाऊ असल्याचे कागद पुरेसे आहेत, निष्कर्ष त्यावरून निघतो.

आजकाल घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून होणाऱ्या चाचण्यांवर या बाबतीत विसंबू नये, आणि याचं कारण या घराण्यात फार खास आहे. त्या चाचण्या वाय नव्हे तर इतर सगळ्या गुणसूत्रांवरचे जुळणारे तुकडे मोजतात. जेफरसनची पत्नी मार्था आणि सॅली या दोघी जॉन वेल्सच्या मुली, म्हणजे सावत्र बहिणी. म्हणून मार्थाचा आणि सॅलीचा वंशज यांच्यात तुकडे जुळले तर ते वेल्सकडून आलेलेही असू शकतात, बाप कुणीही असो. त्यातून मरायाचा नवरा जॉन वेल्स एप्स हाही वेल्सचाच नातू. आणि रँडॉल्फ घराण्यात तर आपसांतली लग्नं इतकी की एकच पूर्वज तीन वाटांनी येतो. शिवाय सहा-सात पिढ्यांनंतर एखाद्या पूर्वजाचा वाटा सरासरी एक-दीड टक्क्यावर आलेला असतो, आणि पाचव्या पातळीच्या चुलत-मामे भावंडांत बहुतेकदा काहीच जुळत नाही. जुळलं म्हणून सिद्ध झालं नाही, जुळलं नाही म्हणून खोटं ठरलं नाही. सॅलीची आईकडची साखळी दाखवणारं मायटोकॉन्ड्रियल डीएनए तर फक्त हॅरिएटच्या मुलींकडून पुढे आलं असतं, आणि हॅरिएट वॉशिंग्टनमध्ये गोरी म्हणून संसार थाटून नजरेआड झाली.

एकच माप म्हणजे ते हेमिंग्जच्या बाजूलाही तितकंच लागू. थॉमस वुडसन हा सॅलीचा पॅरिसनंतरचा पहिला मुलगा, ही वुडसन घराण्यातली परंपरा पिढ्यान् पिढ्या निष्ठेने जपलेली आहे. पण त्याच्या वंशजांचं वाय गुणसूत्र जेफरसनशी जुळलं नाही, आणि मॉन्टिचेलोच्या कागदांत तो सापडत नाही. म्हणून आज हाती असलेल्या पुराव्यावर त्याला जेफरसनचा मुलगा म्हणून लिहिता येत नाही. हे सांगताना आनंद होत नाही, त्या कुटुंबाने ही गोष्ट किती जिवापाड सांभाळली हे कुणालाही दिसतं. पण स्नोडनची परंपरा, कार भाच्यांची परंपरा, वुडसनची परंपरा आणि मॅडिसनची परंपरा या चारही एकाच चाळणीतून गेल्या पाहिजेत. गेल्यावर चौथीच टिकते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल जिनिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हेलन लीरी यांनी व्यावसायिक वंशशास्त्राच्या निकषांवर हीच छाननी केली, म्हणजे शोध शक्य तितका पूर्ण, प्रत्येक विधानाला आधार, पुराव्यांचा परस्परमेळ, विरोधी पुराव्याचं निराकरण, आणि लेखी निष्कर्ष. त्यांचा निष्कर्ष जेफरसन हाच बाप असा आला.

काही सभासदांचा खरा आक्षेप वेगळा असतो: लग्न झालेलं नव्हतं. इथे जेफरसन हा वकील होता हे आठवावं. त्याने जॉर्ज विथ यांच्याकडे कायद्याचा अभ्यास केला, १७६७ साली वकिली सुरू केली. १७७० साली सॅम्युएल हॉवेल या तरुणाचा खटला त्याने चालवला, आणि तो खटला सगळा वंशावळीवर उभा होता. हॉवेलची पणजी गोरी, आजी मिश्रवंशीय आणि कायद्याने ३१ व्या वर्षापर्यंत बांधलेली, आईही तशीच. ही बांधिलकी तिसऱ्या पिढीपर्यंत ओढता येत नाही, निसर्गाच्या कायद्याने सगळे मोकळे जन्मतात, असा युक्तिवाद जेफरसनने केला. तो हरला. समोर विथच उभे होते.

तिकडे १६६२ च्या कायद्याने मुलाची अवस्था आईवरून ठरायची. १७८५ च्या व्हर्जिनियाच्या कायद्यात चतुर्थांशापेक्षा कमी आफ्रिकी रक्ताचा माणूस मिश्रवंशीय धरला जात नव्हता. मार्च १८१५ मध्ये फ्रान्सिस ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात जेफरसनने बीजगणिताने हे समजावून सांगितलं: अर्धा, मग पाव, मग अष्टमांश, आणि तिथे कायद्याने माणूस गोरा होतो, पण आई गुलाम असेल तर गुलामच राहतो. मॅडिसनच्या निवेदनाप्रमाणे सॅली चतुर्थांश होती. तिची मुलं अष्टमांश. म्हणजे पत्रातल्या तिसऱ्या ओळीत बसणारी चार माणसं पत्र लिहिणाऱ्याच्या घरीच होती, धाकटी दोन तर दहा आणि सहा वर्षांची.

अशा कायद्यात लग्नाचा दाखला मागणं म्हणजे राज्याने जो कागद बनूच दिला नाही तो हजर करा म्हणणं. गुलामाला कायदेशीर लग्नच करता येत नव्हतं, आणि व्हर्जिनियातली १६९१ पासूनची आंतरवंशीय विवाहबंदी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढेपर्यंत टिकली. मालमत्तेचा वारसा लग्नाशी जोडायचा की नाही हा कायद्याचा प्रश्न. जेफरसनने आखलेल्या कायदेसुधारणेतूनच आलेल्या १७८५ च्या वारसा कायद्याने थोरल्या मुलाचा एकाधिकार काढला आणि अनौरस मुलांना आईकडून वारसा दिला. पण कोण कुणापासून जन्मलं हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, त्यात लग्न पुराव्यांपैकी एक असतं, अट नसते.

हे एका प्रसिद्ध घरापुरतं असतं तर इतकं ताणण्याचं कारण नव्हतं. पण गुलामांच्या वंशजांसाठी कित्येक संस्थांचे अर्ज आणि कित्येक वंशवृक्ष याच दुहेरी मापाने चालतात. १८७० ही मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं लिहिणारी पहिली जनगणना. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव, आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. वय अंदाजाने, बहुधा पाचाच्या पटीत. त्यामुळे '३० वर्षांची स्त्री' जुळली म्हणून ती तुमची खापरपणजी ठरत नाही. आडनावावरून मालक ठरवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कित्येकांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलंच नाही. नीट वाट अशी: १८७० मध्ये कुटुंब ज्या गावी आहे तिथल्या आसपासच्या जमीनमालकांची यादी करा. त्यांच्यापैकी १८६० नंतर कोण मेलं ते पाहून मृत्युपत्रं आणि इस्टेटीच्या याद्या उघडा, तिथे माणसांची नावं किंमतीसकट असतात. गहाणखतं आणि बक्षीसपत्रं सोडू नका, त्यांतही नावं येतात. व्हर्जिनियात १८५३ पासूनच्या जन्मनोंदींत गुलाम मुलांचे जन्म मालकाच्या नावाने आहेत. गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांच्या १८६६ च्या सहजीवन-नोंदवह्यांत, मुक्तांसाठीच्या सरकारी खात्याच्या मजुरी-करारांत आणि मुक्त झालेल्यांसाठीच्या, १८७४ साली बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेपत्रांत आईबाप, भावंडं, जुना मालक अशी नाती सापडतात. यातला एकही कागद एकट्याने पुरत नाही. चार मिळून पुरतात, आणि ते चार जुळवलेला लेखी युक्तिवाद अर्जासोबत स्वीकारला गेला पाहिजे, जसा जळालेल्या चर्चनोंदींच्या बदल्यात गोऱ्या घराण्यांकडून स्वीकारला जातो.

मॉन्टिचेलो चालवणाऱ्या प्रतिष्ठानाने जानेवारी २००० च्या अहवालात जेफरसन हा सॅलीच्या मुलांचा बाप असण्याची मोठी शक्यता मान्य केली, आणि २०१८ साली शक्यतेची भाषा सोडून तसं सरळ लिहायला सुरुवात केली. असोसिएशनने निदान तो ठराव पुन्हा सभेपुढे आणावा, आणि या वेळी निकष आधी लिहून ठेवावेत: प्रत्येक पिढीला दोन स्वतंत्र आधार, विरोधी पुराव्याचं लेखी उत्तर, लग्नाची अट नाही. हेच निकष मार्था आणि मरायाच्या वंशजांच्या अर्जांनाही लावावेत. आणि घरबसल्या वंशवृक्ष भरणाऱ्यांनी ईस्टन आणि मॅडिसन यांच्या बापाच्या रकान्यात थॉमस जेफरसन लिहावं, ईस्टनखाली वाय गुणसूत्र अधिक कागद आणि मॅडिसनखाली कागद अधिक भावाचं नातं असा आधार स्वतंत्र नोंदवावा, दोन हॅरिएट वेगळ्या ठेवाव्यात, आणि हेन्रायकोच्या पणजोबा थॉमसच्या मागे वेल्स प्रांतापर्यंत नेणारी ओळ खोडून टाकावी.